डेडबँडला ‘मृतपट्टा’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्काडाच्या (यंत्रांचे आकडे कॉम्प्युटरवर बघायच्या आणि यंत्रं तिथनंच सांभाळायच्या सिस्टीमच्या) सेटिंगचा कागद ऑपरेटर लोकांसाठी मराठीत करायला घेतलाय, त्यात डेडबँड (आकडा किती हलेपर्यंत सिस्टीमनं गप्प बसायचं ते अंतर) हा शब्द अडलाय, कॉम्प्युटरनं त्याचं ‘मृतपट्टा’ करून दिलंय, ते चालेल का आणि नसेल तर काय लिहावं.

नको भावा. फाउंड्रीत पट्टा म्हटलं की वाळूचा कन्व्हेअर. ‘मृतपट्टा २ ठेवा’ असं वाचून नाइट शिफ्टचा माणूस आधी सँड प्लांटकडं पळंल, पट्टा कुठं तुटलाय बघायला. तसा बँडला पट्टा म्हणणं चूक नाही, कमी दाबाचा पट्टा म्हणतोच की, ऊसपट्टा म्हणतो (दांडपट्ट्याचं तर कोल्हापुरात बोलायलाच नको), पण तुमच्या शॉपमधे हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलाय.

आणि ‘मृत’ तर मुळातच चुकलंय. हा डेड म्हणजे मेलेला नव्हे, हाक मारली तरी ओ न देणारा. त्याला आपल्याकडं झकास शब्द आहे, मुर्दाड. फारसी मुर्दार म्हणजे मेलेलं जनावर, त्यातून आलेला, पण आपण मुर्दाड कुणाला म्हणतो? चांगला जिवंत, दोन वेळा जेवणारा, फक्त कितीही बोला ढिम्म हलत नाही त्याला. डेडबँड तोच की, आकडा हलत असतो पण सिस्टीम ठराविक अंतरापर्यंत मुर्दाडासारखी बसून राहते. उद्यमनगरात लेथवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, हँडल उलटं फिरवलं की थोडा वेळ स्लाइड हलतच नाही, ‘प्ले आलाय’ म्हणतात. तिथं प्ले म्हणजे दुखणं, इथं तो आपणच मुद्दाम ठेवायचा, एवढाच फरक.

पण खरी गोम पुढं आहे. इंग्रजीत एकाच शब्दाखाली दोन वेगळी सेटिंग लपल्यात आणि मराठी करताना ती वेगळी काढली नाहीत तर कागद मराठीत असून समजणार नाही.

पहिलं अलार्मचं. समज भट्टीच्या कूलिंगच्या पाण्याला ५० डिग्रीला अलार्म लावलाय आणि पाणी ४९.८, ५०.१, ४९.९ असं खेळायलंय, डेडबँड शून्य असला तर हूटर मिनिटाला चारदा बोंबलतो आणि गप्प होतो. एका ठिकाणी मी बघितलंय, वैतागून ऑपरेटरनं हूटरच्या तोंडात कॉटन वेस्टचा बोळाच कोंबला होता, आणि मला त्याचा रागबी आला नाही. डेडबँड २ दिला की अलार्म ५० ला येतो पण ४८ च्या खाली गेल्याशिवाय जात नाही. पंचगंगेचं उदाहरण घे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाबी पाठ असतंय. पण पाणी ४३ वरून ४२ फूट ११ इंचावर आलं म्हणून कोण लगेच गाठोडं उचलून घरी परततंय का? चांगलं उतरू देतात मग जातात. उठायची पातळी वेगळी, परतायची वेगळी, आणि मधलं अंतर म्हणजे अलार्मचा डेडबँड. म्हणून इथं मी ‘परतीचं अंतर’ लिहीन. शब्द असा असला की चूकही लगेच दिसते: पाणी एरवी ४२ ला असतं आणि कुणी परतीचं अंतर १० टाकलं, तर ४० च्या खाली जायलाच पाहिजे, म्हणजे अलार्म जन्मभर जाणार नाही.

दुसरं नोंदीचं. इथं आकडा शेवटच्या नोंदीपासून ठरावीक फरकानं हलला तरच नवा आकडा साठवतात, नाहीतर डिस्क उगाच भरते. याला ‘दुर्लक्षाची मर्यादा’. यात दोन ठिकाणी लोक हमखास गंडतात. एक, फरक मोजायचा तो शेवटच्या नोंदीपासून, मागच्या सेकंदापासून नव्हे, म्हणून टेंपरेचर अगदी हळूहळू चढलं तरी कधीतरी नोंद होतेच, सगळं गिळून बसत नाही. दुसरं टक्क्याचं: ओपीसीत (यंत्रांचे आकडे स्काडाकडं पाठवायची ठरलेली पद्धत) टक्का असतो तो चालू आकड्याचा नसून पूर्ण रेंजचा. ० ते १२०० रेंजची भट्टी ९०० वर चालत असली आणि १ टक्का दिला तर ९ डिग्री नव्हे, १२ डिग्री. म्हणून कागदावर टक्क्यापुढं ‘रेंजच्या’ हा शब्द लिहीच, कितीबी कंटाळा आला तरी.

मग डेडबँड शब्द काढून टाकायचा का? अजिबात नको, स्क्रीनवर तोच दिसणार आहे आणि फोनवर सर्व्हिस इंजिनिअरबी तोच म्हणणार आहे. ‘डेडबँड (परतीचं अंतर): २ डिग्री. अलार्म ५० ला येईल, पाणी ४८ च्या खाली गेल्यावर जाईल.’ असं लिही. मुर्दाड मात्र कागदावर नको, मॅनेजरला वाटेल त्यालाच म्हटलंय.