भुकेची नस कापून घेतली तर वजन कमी होतं का?

होतं की. माझं ६४ वरून ४९ किलोवर आलं, सात महिन्यांत. पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘नस कापली की भूकच लागत नाही, मग मनाला आवर घालायची कटकट नाही.’ ते वाचलं आणि राहवलं नाही.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. १९८६ साली, वयाच्या २७व्या वर्षी, अल्सरसाठी माझी ही नस कापली. व्हेगस म्हणतात तिला. मेंदूतून निघते, छातीतून उतरते, जठरावर पसरते. शिकागोच्या ड्रॅगस्टेट डॉक्टरांनी १९४३ मध्ये अल्सरवर हा उपाय सुरू केला आणि माझ्या वेळेपर्यंत ते नेहमीचं ऑपरेशन झालं होतं. नस कापली की आम्ल कमी होतं, पण जठरही ढिलं पडतं, अन्न पुढे सरकत नाही. म्हणून जठराला लहान आतडं जोडून दुसरी वाट काढून देतात. माझ्या फाईलवर नुसतं ‘टी.व्ही. + जी.जे.’ लिहिलेलं, टी.व्ही. म्हणजे नस कापणं, जी.जे. म्हणजे आतडं जोडणं. डेपोत चेष्टा चालायची, याच्या घरात यायच्या आधी पोटात टी.व्ही. आला.

तर भूक. ती कुठेही गेली नाही. बायको डबा उघडायची, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरून तेल, आणि वासानेच तोंडाला पाणी सुटायचं. चार घास गेले की पोट तट्ट! लग्नाची पंगत जेवून उठल्यासारखं. उरलेली भाकरी ती गुपचूप झाकून ठेवायची.

आक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, हे कधीच पटलं नाही. ‘माझ्या भावाला खायला घालत नाही ती,’ असं गावभर सांगत फिरली. १९८७ च्या मे महिन्यात तिच्या थोरलीचं लग्न. मी नवरीचा मामा. आग्रह कोणाला मोडता येतो? दोन जिलब्या खाल्ल्या, वर वाटीभर मठ्ठा. पाव तासात छाती धडधडायला लागली, नवा सदरा घामाने पाठीला चिकटला, गुडघे लटपटायला लागले. कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर जाऊन आडवा झालो. मग टमरेल घेऊन तीनदा मागच्या रानात. परत येतोय तर आक्का व्याह्यांच्या देखत म्हणते, ‘पिऊन आलाय मेला.’ मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. बायकोने ते ऐकलं आणि नऊ वर्षं त्या घराची पायरी चढली नाही.

त्या प्रकाराला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ नव्या वाटेने भसकन आतड्यात पडतो, आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं आणि माणूस गळाठतो. ऑपरेशनआधी यातला एक शब्द मला कोणी सांगितला नव्हता.

बाकीचं मला धाकट्या मुलीने समजावलं, ती फार्मसीत आहे. व्हेगसमधले सुमारे ८०% तंतू खालून वर जातात, पोटाकडून मेंदूकडे. ‘भूक लागली’चा निरोप त्या तारेवरून जातो तसा ‘बास आता’चाही त्याच तारेवरून. तार तोडली की दोन्ही गेले. शिवाय रक्तातून जाणारे निरोप चालूच राहतात. लठ्ठपणासाठी नुसती नस कापून १९७०च्या दशकातच पाहून झालंय, ते रूढ झालं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत नस न कापता विजेच्या झटक्यांनी तिला गप्प ठेवणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. त्याच्या चाचणीत वर्षभरात जादा वजनापैकी सुमारे २४% उतरलं. आणि ज्यांच्या अंगात नुसतं डबडं बसवलं, नसेला तार जोडलीच नाही, त्यांचंही सुमारे १६% उतरलं! एवढ्या फरकासाठी पोट उघडायचं का, ते तुम्ही ठरवा. मी तर नाहीच म्हणेन.

आता खरं सांगायचं तर मी डॉक्टर नाही, आणि माझे हाल एकट्या नसेमुळे झाले असंही नाही. जिलबीचा तमाशा बराचसा जी.जे.मुळे, जोडलेल्या आतड्यामुळे. हल्लीची जठर लहान करायची ऑपरेशनं वेगळी, त्यांचं माप माझ्यावरून काढू नका. तुम्ही ९८ किलो लिहिलंय, उंची लिहिली नाही. शुगर, थायरॉइड तपासून चांगल्या सर्जनला विचारा. आणि विचारताना, ‘कापलेलं परत जोडता येतं का?’ हेही विचारा. येत नाही. माझं वजन पुढे ५५ पर्यंत आलं, त्यापुढे काटा हलला नाही. लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शनं अजून चालू आहेत.

गंमत म्हणजे माझ्या ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शलने अल्सरचे जंतू स्वतः पिऊन दाखवले होते. २००५ ला त्याला नोबेल मिळालं. ज्या दुखण्यासाठी माझी नस गेली ते आता बहुतेकांचं दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातं.

आक्काचा नातू इथली उत्तरं वाचतो, मला माहीत आहे. बाळा, आजीला हे मोठ्याने वाचून दाखव. सगळं नको, जिलबीपर्यंतचं पुरे.