बाबाको नावाचा चकवा

एकरूप त्रिकोण, म्हणजे एकमेकांवर तंतोतंत बसणारे, ओळखायला तीन बाजू आणि तीन कोन अशी सहाही मापं तपासत बसू नकोस. तीन पुरतात. पण कुठली तीन, खरी मेख तिथेच आहे.

फोंड्यातल्या आमच्या कौलारू घराच्या छपराच्या कैच्या (लाकडी त्रिकोणी सांगाडे) बदलल्या, तेव्हा मेस्ताने, म्हणजे सुताराने, प्रत्येक कैचीच्या तीन लाकडांची लांबी तेवढी मोजली, कोन मोजलाच नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाला हलायला जागाच उरत नाही. हीच बाबाबा कसोटी: बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन. बाकोबा (दोन बाजू आणि मधला कोन), कोबाको (दोन कोन आणि मधली बाजू) तुला ठाऊक असतीलच. दोन कोन आणि कुठलीही एक संगत (दोन्ही त्रिकोणांत त्याच जागची) बाजू जुळली तरी चालतं, कारण तिसरा कोन १८० अंशांतून आपोआप निघतो.

माझ्या शिकवणीतली मुलं हमखास घसरतात ती बाबाकोवर, म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन घेतला की. वाद घालण्यापेक्षा काढून बघ. कोन अ ३० अंशांचा, अब ८ सेंमी. आता ब केंद्र धरून ५ सेंमी त्रिज्येचा कंस मार. अ मधून निघणाऱ्या दुसऱ्या किरणाला तो दोनदा छेदतो. छेदबिंदूला क म्हण: अक एकदा सुमारे ३.९ सेंमी येते, एकदा ९.९. मापं तीच, त्रिकोण दोन! म्हणून बाकोबात कोन दोन बाजूंच्या मधलाच हवा. काटकोन असेल तर मात्र कर्ण आणि एक भुजा पुरे. नुसते तीन कोन जुळले तर समरूप (आकार तोच, माप लहानमोठं असू शकतं) म्हण, एकरूप नाही.

आणि हो, आकृतीत दोन्ही त्रिकोणांची सामाईक बाजू आधी शोध. ती फुकटात मिळते, आणि पोरं नेमकी तीच लिहायला विसरतात.