ठाण्यात फ्लॅटमध्ये कॉकाटेल (तुरा असलेला छोटा पोपट) आणलाय. खायला काय द्यावं, काय सांभाळावं?
आधी एक: कॉकाटेल परदेशी जातीचा, म्हणून चालतो. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देतो म्हणालं तरी घेऊ नका.

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका. चरबी वाढते, अ जीवनसत्त्व कमी पडतं. राळे-बाजरी, सोबत रोज थोडी कोथिंबीर, किसलेलं गाजर, उकडलेला मका. हिरवी मिरची बिनधास्त द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही! आमच्या घोडबंदरच्या घरातला तर मिरचीतल्या बिया तेवढ्या वेचतो, सालं खाली टाकतो, झाडू मी मारते. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा, खारे दाणे अजिबात नकोत.

खरा धोका स्वयंपाकघरात. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून फार तापला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. पिंजरा तिथून लांबच ठेवा. आम्ही तर लोखंडी तव्यावर आलो. बाहेर सोडताना पंखा बंद, खिडकीला जाळी. कबुतरांसाठी लावलेली असेल तर तिचे कोपरे तपासा. आमचा एकदा तिथूनच निसटून शेजारच्यांच्या ग्रिलवर जाऊन बसला होता.