इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर फरशीसाठी दीड लाखाचं कर्ज काढावं का?

प्रश्न: डोंबिवलीत १९९४ च्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. हॉल १६ बाय १० फूट, एक बेडरूम १२ बाय १०, दुसरी १० बाय १०. मोझॅक फरशी झिजली आहे, चार-पाच ठिकाणी तडे गेलेत आणि ७२ वर्षांच्या सासूबाई तिथे अडखळतात. तिन्ही खोल्यांत फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाइल बसवायला ठेकेदार १ लाख ६० हजार सांगतो. एक दुकानदार २ मिमी जाडीची व्हिनाईल शीट २९ हजारांत बसवून देतो म्हणतो. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२ हजार, घरखर्च ५८ हजार, एसआयपी १५ हजार, एफडी ४ लाखांची. मुलगी दहावीला आहे. बँक १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी दीड लाखाचं पर्सनल लोन देतेय, आणि घरदुरुस्तीच्या कर्जावर करसवलत मिळते असंही ऐकलंय. गणपतीच्या आत काम उरकायचं आहे. काय करावं?

उत्तर: कर्ज काढून टाइल बसवू नका. व्हिनाईल बसवा, पण २९ हजारांत नाही आणि गणपतीच्या आतही नाही.

आधी कर्जाचा हिशेब. दीड लाखावर १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता साधारण ५,१२७ रुपये येतो. तीन वर्षांत व्याज जातं सुमारे ३४,५५०. प्रोसेसिंग फी २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तर आणखी ३,५४०. म्हणजे १ लाख ६० हजारांची फरशी तुम्हाला १ लाख ९८ हजारांना पडते. करसवलतीचं तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला कमाल ३० हजारांची वजावट आहे. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याज १८,३०० च्या आसपास असेल, म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून कर वाचेल सुमारे ३,८०० रुपये, आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. एवढ्यासाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही. दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ पुढे करेल, तर रोख दिल्यास दर किती कमी होतो तेवढं विचारा. जेवढा कमी होईल तेवढं व्याज त्या किमतीत दडलेलं आहे.

आता पुनर्विकासाचं. फरशीवरचा खर्च म्हणजे गुंतवणूक नव्हे. इमारत पाडली की टाइलही राडारोड्यात जाते, आणि बिल्डर नवी जागा देतो ती तुमच्या चटईक्षेत्रावर, आतल्या सजावटीवर नाही. २०१९ च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासाच्या ठरावाला ७५ टक्क्यांऐवजी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे चर्चेचं ठरावात रूपांतर व्हायला पूर्वीइतकं अडत नाही. ठरावापासून घर रिकामं करेपर्यंत मात्र सल्लागार नेमणं, निविदा, बिल्डरची निवड, करारनामा, आराखड्याची मंजुरी अशी लांबलचक वाट असते. म्हणून फरशीची किंमत ती जितकी वर्षं पायाखाली राहील तितक्या वर्षांनी भागून बघायची.

घर पाच वर्षांनी रिकामं करावं लागलं, तर कर्ज काढून बसवलेली टाइल वर्षाला ३९,६०० रुपयांना पडते. नीट बसवलेलं व्हिनाईल ५८ हजारांचं धरलं (हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो), तर वर्षाला ११,६००. दोनच वर्षांत निघावं लागलं तर ९९ हजार विरुद्ध २९ हजार. समजा पुनर्विकास बारगळला आणि पंधरा वर्षं तिथेच राहिलात. मधे एकदा शीट बदलायला आजच्या भावाने ४५ हजार धरले, तरी व्हिनाईल वर्षाला ६,९०० रुपयांना पडतं आणि कर्जाची टाइल १३,२०० ला. टाइल जिंकते ती एकाच परिस्थितीत: पैसे रोख आहेत आणि इमारत आणखी पंचवीस वर्षं हलणार नाही. तुमच्याकडे यातलं एकही नाही.

एफडीला हात लावू नका. ५८ हजार घरखर्चाच्या सहा महिन्यांचे ३ लाख ४८ हजार होतात, म्हणजे ही एफडी जवळजवळ पूर्णच तुमचा अडीनडीचा पैसा आहे. पुढच्या जूनमध्ये मुलीचं अकरावीचं शुल्क आणि क्लास आहेत. शिवाय पुनर्विकास खरंच झाला तर भाड्याच्या घराची अनामत, दलाली, सामान हलवणं हे सगळं अंगावर येतं. बिल्डर त्यातलं काय देतो ते करारावर ठरतं, आणि त्याचे पैसे हातात येण्याआधी तुम्हाला खर्च करावा लागू शकतो.

तर आता व्हिनाईलच्या ५८ हजारांचं. दुकानदाराने खोल्यांचं क्षेत्रफळ धरलं: ३८० चौरस फूट, शीट ६२ रुपये आणि मजुरी १४ रुपये फूट, झाले २८,८८०. पण शीट खोलीच्या मापाने विकली जात नाही, रोलच्या रुंदीने जाते. आपल्याकडे रोल सहसा २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडा जास्त रुंद असतो. तुमचा १० फूट रुंदीचा हॉल दोन पट्ट्यांत झाकायचा, तर दोन्ही टोकांना तीन-तीन इंच जादा धरून साडेसोळा फुटांच्या दोन पट्ट्या लागतात, एकूण ३३ फूट. आडव्या टाकल्या तर साडेदहा फुटांच्या तीन पट्ट्या, म्हणजे साडेएकतीस फूट. कारागीर तेवढी शीट वाचवायला आडव्याच टाकेल. टाकू देऊ नका. दीड फूट रोल वाचतो, पण एका जोडाच्या जागी दोन येतात, आणि व्हिनाईल उसवायला लागतं ते जोडापासून. बेडरूममध्ये मात्र १० फुटांच्या दिशेने पट्ट्या टाका. तिथे दोन्हीकडे २१-२१ फुटांत आणि एकाच जोडात भागतं. एकूण ७५ फूट, म्हणजे २३ मीटर रोल: ४९५ चौरस फूट शीट, ३०,६९० रुपये. ही साधी किंवा बारीक नक्षीची. लाकडी फळ्यांची मोठी नक्षी घेतलीत तर ती जुळवायला आणखी लागेल. सगळी शीट एकाच बॅचची हवी, नाहीतर जोडापाशी रंग दोन दिसतो.

बाकीचे पैसे शीटखाली जातात, आणि दुकानदाराने तेच धरलेले नाहीत. व्हिनाईल इतकं लवचीक असतं की खालच्या मोझॅकचा प्रत्येक सांधा काही महिन्यांत वर उमटतो. तड्याच्या कडेवर पाय पडत राहिला की शीट तिथेच फाटते. म्हणून आधी नाण्याने फरशी वाजवून बघायची. बद्द आवाज येईल ती फरशी सुटलेली असते, ती काढून पुन्हा बसवून घ्यायची. मोझॅकवर वर्षानुवर्षं चढलेलं मेण आणि पॉलिश घासून काढायचं, कारण त्यावर प्रायमरही धरत नाही आणि गोंदही नाही. मग दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघायचं. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण, ओतावं लागेल. ३५ चौरस मीटरवर सरासरी ३ मिमीचा थर म्हणजे २५ किलोच्या साधारण सात गोण्या. फरशी पट्टीला लागून सरळ निघाली, तर फक्त सांधे आणि तडे भरून पातळ हात मारला तरी चालेल, आणि इथे पाच-सहा हजार वाचतील.

माझा अंदाज असा आहे. दर तुमच्या भागात थोडे इकडेतिकडे होतील. कंपाउंड ९,१००, प्रायमर १,२००, गोंद ११ किलो २,४००, तळाची मजुरी ४,५५०, शीट बसवण्याची मजुरी ५,३००, ३६ फूट जोडाचं वेल्डिंग (जोडात व्हिनाईलची दोरी वितळवून तो बंद करणं) १,०८०, दारापाशी आणि कडेला पट्ट्या २,५००, तीन दारं खालून तासणं १,२००. यात शीट मिळवली की ५८ हजार होतात.

शीट घेताना एकूण जाडीवर जाऊ नका. वरचा झिजणारा पारदर्शक थर, दुकानात ज्याला वेअर लेयर म्हणतात, तो किती आहे ते विचारा. घरासाठी ०.३ मिमी ठीक, हॉलमध्ये ०.५ मिळाला तर घ्या. हा आकडा ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. सासूबाईंसाठी चकचकीत पृष्ठभाग नको, मॅट आणि हाताला खरखरीत लागणारा हवा, शक्यतो आर१० दर्जाचा (हा आकडा फरशी किती कमी घसरते ते सांगतो). ओल्या पायाने चालून बघता येईल असा तुकडा मागून आणा. शीट सगळीकडे चिकटवूनच घ्या. नुसती पसरलेली शीट कडेला वळते आणि म्हातारं माणूस नेमकं तिथेच अडखळतं.

गणपतीच्या आत नको, कारण पावसाळ्यात तळ नीट सुकत नाही. गोंदाखाली ओल अडकली की शीटला फुगे येतात आणि कुबट वास सुटतो. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात, त्यामुळे जमिनीची ओल नाही, पण बाथरूमला लागून असलेल्या भिंती तपासा. तिथे फरशीवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर आधी गळती शोधा, आणि ती मिटेपर्यंत ती खोली सोडून द्या. त्या दुरुस्तीचे पैसे वरच्या हिशेबात नाहीत. गळतीवर शीट टाकली तर ती दिसायची बंद होते, थांबत नाही.

थांबल्याने पैशांचंही जमतं. खर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला १९ हजार उरतात. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे मिळून ५७ हजार होतात. दिवाळीचा बोनस येत असेल तर फराळ आणि कपडे त्यातून करा. दिवाळी उरकली की कोरड्या हवेत काम लावा. एसआयपी थांबवायची नाही. तोवर तडे गेलेल्या चार-पाच जागा गवंड्याकडून पांढऱ्या सिमेंटने सपाट करून घ्या. दीड-दोन हजारांत काम होईल, सासूबाई आजपासून सुरक्षित होतील आणि पुढच्या तयारीतलं तेवढं काम आधीच उरकेल.

कामाच्या दिवशी काही गोष्टी स्वतः उभं राहून बघा. शीट आदल्या दिवशी त्याच खोलीत उघडून पसरलेली हवी. जोडाच्या जागी दोन्ही पट्ट्या इंचभर एकमेकींवर चढवून, पोलादी पट्टी धरून एकाच सुरीने दोन्ही थर एकदम कापले की फट राहत नाही. वेगवेगळ्या कापून शेजारी आणल्या की राहतेच. गोंद दाताच्या थापीने पसरवायचा, आणि बोटाला चिकटेल पण ओला लागणार नाही इतका सुकल्यावरच शीट टाकायची. मग ५० किलोच्या आसपासचा रोलर उभा आणि आडवा फिरवायचा. वेल्डिंग दुसऱ्या दिवशी. जोडावर वितळवलेली दोरी दोनदा तासावी लागते: गरम असताना वरवर, आणि पूर्ण गार झाल्यावर सपाट. घाईत एकदाच सपाट तासली तर गार होताना दोरी आत बसते, जोडाला चर पडतो आणि त्यात मळ साठतो. कारागीर सॉल्व्हंटचा गोंद, म्हणजे उग्र वासाचा पिवळट सिंथेटिक रबर गोंद वापरणार असेल, तर देवघरातला दिवा आणि गॅस बंद ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. त्याची वाफ पेट घेते. सासूबाईंना त्या दोन दिवसांसाठी नातेवाइकांकडे पाठवा.

पैसे एकदम देऊ नका. शीट घरी आल्यावर शीटचे, काम संपल्यावर मजुरीचे, आणि सहा-सात हजार दहा दिवस राखून ठेवा. फुगे आणि सुटलेल्या कडा त्याच काळात दिसतात. कोटेशनमध्ये ‘तळाची तयारी’ हे शब्द, कंपाउंडच्या गोण्यांची संख्या आणि वेअर लेयरचा आकडा लिहून घ्या.

तीन दिवस ओलं पोतेरं नाही. कपाटाच्या आणि पलंगाच्या पायांखाली रुंद टोप्या घाला, नाहीतर कायमचे खड्डे पडतात. रबराच्या पाठीचं पायपुसणं ठेवू नका, त्याचा पिवळा डाग निघत नाही. निरांजन, उदबत्तीचं घर आणि गरम कुकर थेट शीटवर ठेवायचे नाहीत, आणि गॅसचा सिलिंडर उचलूनच न्यायचा. हॉलमधून साधारण तीन फूट रुंदीची सोळा फुटी पट्टी उरेल. कारागिराला नेऊ देऊ नका. छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, घडी घालू नका. पुढे कुठे भोक पडलं तर त्याच रंगाचा तुकडा त्यातून काढता येईल.