सुई टोचली तर? कॅज्युअल्टीत जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईला

प्रश्न : मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कॅज्युअल्टीतच काम करायचंय. रुग्णाची सुई टोचून एचआयव्ही किंवा कावीळ होईल, या काळजीनं मला झोप लागत नाही. तिला वॉर्डातली नोकरी घ्यायला सांगू का?

उत्तर : ताई, तुमची काळजी अनाठायी नाही. पण सुया वॉर्डातही असतात. कॅज्युअल्टीत घाई जास्त, एवढाच फरक. त्यामुळे विभाग बदलण्याआधी तिची तयारी कितपत झालीय ते विचारा.

बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी या काविळीचा धोका मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यावर लस आहे. पहिल्या डोसनंतर एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांत अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे रक्तातल्या हिपॅटायटिस बीविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी, बघायचा. तो १० किंवा जास्त हवा. ही तपासणी पुष्कळदा राहून जाते. तीन डोस घेऊनही काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून ती टाळू नका.

इंजेक्शन देऊन झाल्यावरही सुई टोचते : टोपण परत बसवताना, ट्रेमधल्या गॉजखाली दुसऱ्यानं ठेवलेली सुई हाताला लागून, काठोकाठ भरलेल्या शार्प्सच्या (वापरलेल्या सुया टाकायच्या) डब्यात सुई कोंबताना. म्हणून टोपण बसवायचं नाही. जिनं सुई वापरली तिनंच ती लगेच टाकायची. डबा हाताशी हवा आणि तीन-चतुर्थांश भरला की बंद.

तरीही टोचलीच, तर हातमोजा काढून जखम साबण-पाण्यानं धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. डोळ्यात रक्त उडालं तर भरपूर पाण्यानं किंवा सलाइननं धुवायचं. मग ताबडतोब इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीची पीईपी (सुई टोचल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधं) लागणार असेल तर पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत. पुढे २८ दिवस गोळ्या. हिपॅटायटिस सीला लस नाही, पण उपचार आहेत, म्हणून फॉलो-अपच्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणं किंवा ‘ड्युटी संपल्यावर सांगते’ म्हणणं, यात मोलाचे तास जातात. हे तिला आईच्या तोंडून ऐकू द्या.

भडकलेल्या नातेवाइकांशी बोलताना दार आपल्या बाजूला ठेवायचं, स्टेथोस्कोप गळ्यात ठेवायचा नाही, हेही सांगा.

मुलाखतीत तिनं एक प्रश्न जरूर विचारावा : रात्री दोन वाजता सुई टोचली, तर पीईपीचा पहिला डोस कुठून मिळतो? उत्तर ‘सकाळी बघू’ असं आलं, तर दुसरं रुग्णालय शोधा.