मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता : आधी धमन्या, शीर शेवटी

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा. डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये एव्हीएम (मेंदूतल्या धमन्या-शिरांचा गुंता) निघालं. रक्तस्राव कधीच झालेला नाही. लगेच ऑपरेशन करावं का?

घाई नको. आधी डीएसए अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेली एक्स-रे चित्रं) करून स्पेट्झलर-मार्टिन ग्रेड, म्हणजे ऑपरेशन किती जोखमीचं हे सांगणारे गुण, विचारा. गुंता ३ सेंमीहून लहान असेल तर १ गुण, ३ ते ६ सेंमीला २, त्याहून मोठ्याला ३. बोलणं, हालचाल, दृष्टी सांभाळणाऱ्या महत्त्वाच्या भागात असेल तर आणखी १ आणि रक्ताचा निचरा खोल शिरांत होत असेल तर आणखी १. बेरीज १-२ आली तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. ४-५ आली आणि गुंता फुटलेला नसेल, तर सहसा हात लावत नाहीत. २०१४च्या ‘अरुबा’ अभ्यासात न फुटलेल्या गुंत्यावर उपचार केलेल्यांपेक्षा नुसत्या औषधांवर ठेवलेले रुग्ण बरे राहिले. पण तो पाठपुरावा जेमतेम तीन वर्षांचा, आणि तुमच्या मुलापुढे पन्नास वर्षं आहेत. हे डॉक्टरांशी बोलाच.

प्रश्न : वहिनींचं ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणाले, मोठी शीर शेवटी बंद करतात. आधी का नाही?

एव्हीएममध्ये केशवाहिन्या नसतात, धमनीचं रक्त थेट शिरेत शिरतं. निचऱ्याची वाट आधी अडवली तर आत येणारं रक्त कोंडतं, गुंता फुगतो आणि टेबलावरच फुटतो. म्हणून आधी रक्त पुरवणाऱ्या धमन्या एकेक करून बंद करतात, मग गुंत्याच्या कडेकडेने गोल सोडवत खोल जातात. फसगत अशी की शीरही लालभडक, धमनीसारखीच दिसते. शंका आली की तात्पुरती क्लिप लावून पाहतात. सर्वांत त्रास तळाशी होतो. तिथल्या बारीक धमन्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की बायपोलरने (रक्तवाहिनी विजेने जाळून बंद करणाऱ्या चिमट्याने) नीट जळत नाहीत, तुटून आत सरकतात आणि रक्त येतच राहतं. तिथे सूक्ष्म क्लिपा लागतात. पुरवठा तुटत गेला की शीर निळसर पडते. मगच ती बंद करतात.

नंतर आयसीयूत रक्तदाब कडक ताब्यात ठेवतात, कारण भोवतालच्या वाहिन्यांना इतक्या दाबाची सवय नसते. डीएसए पुन्हा करतात. गुंत्याचा तुकडा राहिला तर धोका टळत नाही.

प्रश्न : गॅमा नाईफने भागेल का?

गॅमा नाईफ म्हणजे कवटी न उघडता गुंत्यावर किरणांचा नेमका मारा. ३ सेंमीपर्यंतच्या, खोल गुंत्याला चांगला पर्याय. पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर फुटण्याचा धोका असतोच. आकडीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने थांबवू नका.