डेंटल हायजिनिस्ट म्हणून कायमची नोकरी सोडून टेम्पररी शिफ्ट कराव्यात का?

मी ६ वर्षं हेच करतेय, आज या क्लिनिकमध्ये तर उद्या दुसऱ्या. करा, पण हात बसल्यावरच. नुकत्याच पास झाला असाल तर आधी एका जागी दोनेक वर्षं काढा, कारण इथे कोणी शिकवत बसत नाही, पहिला पेशंट खुर्चीत बसला की तो तुमचाच.

अर्धा तास आधी पोचायचं. निर्जंतुक केलेल्या हत्यारांच्या पाउचवर इंडिकेटर (वाफेची प्रक्रिया झाल्याची खूण) असतो, त्याचा रंग बदललाय का ते बघते आणि स्केलरची (कीटण काढायच्या मशीनची) पाण्याची लाईन २ मिनिटं सोडून ठेवते, रात्रभर पाणी साचलं की त्या बारीक नळीत जंतूंचा थर धरतो. एका ठिकाणी उघडी हत्यारं ट्रेमध्ये मांडलेली होती, म्हणे कालच ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केलीयेत. मी सरळ नाही म्हटलं, परत सायकल लावायला लावली, पेशंट ४० मिनिटं थांबला आणि त्या क्लिनिकने मला परत बोलावलं नाही. तरी उद्या तसंच दिसलं तर मी तेच करेन.

माझ्या क्युरेट (हाताने कीटण खरवडायची हत्यारं) मी घरून धार लावून नेते, दाढांसाठीच्या ग्रेसी ११/१२ आणि १३/१४ तर हव्यातच. बोथट हत्याराने कीटण निघत नाही, नुसतं गुळगुळीत होतं, आणि जोर लावून लावून मनगट जातं ते वेगळंच. हिपॅटायटिस बी ची लस आणि स्वतःचा इन्शुरन्स हवाच. शिफ्ट ऐनवेळी कॅन्सल झाली तर पैसे मिळणार का हे आधीच लिहून घ्या, सुट्टीचा पगार वगैरे विसरा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते चार्टिंग, म्हणजे हिरड्यांची मोजमापं फाईलमध्ये लिहिणं. तो पेशंट तुम्हाला बहुतेक परत दिसणार नाही, म्हणून कितीही घाई असो, प्रत्येक दाताभोवती सहाही पॉइंटवर दात आणि हिरडीमधल्या फटीची (पॉकेटची) खोली मोजा, ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा त्याच्या पुढे गेलं किंवा रक्त आलं की लिहा आणि निघण्याआधी डॉक्टरांना तोंडी पण सांगा. एका आजींच्या शेवटच्या दाढेमागे मला ७ मिमीचं पॉकेट मिळालं, आधीच्या फाईलमध्ये त्याचा पत्ताच नव्हता. मी लिहिलं, सांगितलं, आले. पाच महिन्यांनी त्याच क्लिनिकमध्ये शिफ्ट मिळाली तेव्हा पहिल्यांदा ती फाईल उघडली, तिथे ५ लिहिलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात.